सुपडू, वंगण मी ओतलं होतं

सुपडू, तुझ्या दहाव्याला तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावर मी फिरकीच्या तांब्याचं झाकण उलट्या बाजूला फिरवत होतो. तांब्यात दूध होतं. भटजी हात पुढे करून बसलेले, तुझे भाऊबंद उन्हात उभे, आणि मी पंच्याचं टोक झाकणाला गुंडाळून दात-ओठ खातोय. जितका जोर केला तितकं ते घट्ट बसत गेलं. शेवटी तुझे जिनवाले शेठ पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, दुसऱ्या बाजूला अर्धा वळसा दिला आणि झाकण निघालं.

इथवर ठीक होतं. झाकणं उलटी फिरवणं हा माझा जुना गुण, आणि तो तुझ्याइतका कुणालाच माहीत नाही. पण तांब्या भटजींकडे देता देता शेठ तुझ्याबद्दल म्हणाले, "आमना एरंड्या मिस्त्री ऱ्हाता तं यक हातवरी काढी देता." मग ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्यांनी ती गोष्ट सांगितली. प्रेमाने सांगितली, डोळे पुसत सांगितली. मिस्त्री कसा सोन्यासारखा माणूस, कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखणारा, आणि अशा माणसाने एकदा मोटरीच्या इंजिनात बैलगाडीचं वंगण कसं ओतलं. लोक हसले. दहाव्याला हसतात तेवढंच, पण हसले.

मी तिथेच होतो. शेठनी काढून दिलेलं झाकण माझ्या हातात होतं. मी काही बोललो नाही.

अशी न बोलण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिलीही प्रकाशालाच, त्याच काठावर. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. तुझ्यावर काही लिही म्हणून शाळेतले गुरुजी मागे लागले आहेत. त्यांना तुझा जन्म, शिक्षण, नोकरी असं हवंय. ते दुसरं कुणी लिहील. मला एवढी एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती तुला माहीत आहे, म्हणून तुलाच सांगतो. चुकलं तर तू मध्ये बोलणार नाहीस, ही त्यातली वाईट गोष्ट.

तुझी बहीण माझी बायको झाली त्याच्याही आधी आपण शहाद्याच्या शाळेत एका तरटावर बसत होतो. चौथीनंतर तू कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये गेलास, मी सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत गेलो. त्यामुळे गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येत, आणि लिहिलेल्या अर्जाचा उपयोग झाला नाही की तुझ्याकडे. मोटेचं चाक, शिवणयंत्र, घड्याळ, काय वाट्टेल ते तू दुरुस्त करायचास. माझं लग्न झाल्यावर तू मला "पाव्हना" म्हणायला लागलास. त्या शब्दात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही.

जिनमध्ये तू रुईच्या धुळीत पंधरा वर्षं काढलीस. संध्याकाळी घरी यायचास तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. मग शेठनी मोटर घेतली, आणि ती चालवायला आणि राखायला तुला नेमलं. त्या दिवशी तू ब्राह्मणपुरीला आमच्याकडे आलास, ओसरीवर बसलास आणि बहिणीला म्हणालास, "ताई, आते मोकळी हवा खाई ऱ्हायनू." खाकी कोट घेतला होतास. मोटर पुसायला मऊ धोतराचं फडकं वेगळं ठेवलेलं असायचं, त्याला पोरंसुद्धा हात लावत नसत. तू इतका सुखात असलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, घासलेट रांगेत, आणि इंजिनाचं तेल तर कुपनावरही मिळत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात माझ्या मोठीचं लग्न ठरलं. शेठ आठ दिवस मुंबईला जाणार होते. तू त्यांना विचारलंस, आणि भाचीच्या लग्नाला मोटर न्यायची परवानगी त्यांनी दिली. अट एकच. सोमवारी चार वाजता ते नंदुरबारकडून येऊन तापी नावेने ओलांडणार, तेव्हा अलीकडच्या काठावर, प्रकाशाला, मोटर उभी पाहिजे. तू म्हणालास, राहील.

मोटर दारात आल्यापासून मी वधूपिता राहिलो नाही, मोटरवाला झालो. येईल त्याला बोनेट उघडून दाखवत होतो. तू रोज सकाळी ती तेल मोजायची सळई काढून बघायचास. लग्नाच्या दिवशी सकाळी तू सळई बघून कपाळाला आठी घातलीस आणि म्हणालास, "तेल थोडं कमी शे. पन चाली."

"पन चाली" मला सहन झालं नाही. उद्या मुलगी-जावई या गाडीत बसणार, आणि तेल कमी? मी स्वतःला विचारलं, तेल कशासाठी असतं? फिरणारं लोखंड घासू नये म्हणून. माझ्या बैलगाडीचा कणा तीस वर्षं कशावर फिरतोय? एरंडेलावर. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं होतंच. त्यातलं एरंडेल जळक्या चिंध्यांच्या राखेने काळं झालेलं असतं, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी ते धोतराच्या सोग्यातून गाळलं. माझी अक्कल गाळून उरलेली काय असेल ती हीच. तू नवरदेवाच्या लोकांना उतरवून घ्यायला जानवशाकडे गेला होतास. मी शेरभर वंगण इंजिनात ओतलं, झाकण लावलं, हात पुसले, आणि मुलीच्या लग्नात आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं म्हणून समाधानाने जेवलो.

शनिवारी पोरीची पाठवणी केली, त्या गडबडीत तुझं सळई बघणं राहिलं. तू त्या दोघांना प्रकाशापर्यंत सोडलंस. परत येताना मी तुझ्या शेजारी रडत होतो, म्हणून मला तेलाच्या काट्याकडे बघायचं भान नव्हतं. तू बघत होतास. लोणखेड्याच्या अलीकडे तू गाडी एकदम थांबवलीस, इंजिन बंद केलंस, खाली उतरून कान लावलास, मग वाकून वास घेतलास. तुझा चेहरा बघून माझं रडणं थांबलं.

"पाव्हना," तू म्हणालास, "काय वतं यामा?"

"कशात?"

"खरं सांग. इंजिन गोडं तेल पेयेलनागत वास मारी ऱ्हायनं."

मी खरं सांगितलं. तुला तरी सांगितलं.  मग कोटाच्या बाह्या वर करत म्हणालास, "राखोडीसंगे?"

"गाळून," मी म्हणालो.

तू हसलास. मला वाटलं, म्हणजे फार बिघडलं नसावं. तुझं हसणं कशावर असतं हे मला कधीच कळलं नाही.

जिन तिथून हाकेवर होती, पण तिथे मोटर ओढत नेली असती तर मुनीमने संध्याकाळपर्यंत शेठला तार केली असती. म्हणून लोणखेड्यातून दोन बैलजोड्या आणल्या आणि मोटर ब्राह्मणपुरीला आमच्या गोठ्यामागच्या छपरीत ओढून नेली. माझं वंगण बैलांच्या मागून घरी परत आलं.

तू मला तेव्हा समजावलंस. इंजिनाच्या कुशीत एक लोखंडी डबा असतो, त्यात तेल गाळायची गाळणी. वंगण तापून चिकासारखं झालं होतं आणि राखेने गाळणी बुजली होती. ती काढून धुतल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, केलं तर आतलं लोखंड लोखंडाला खाईल. आणि डब्याचं झाकण आट्यांचं, त्याच्या कडेने वंगण झिरपून तिथेच भाजून बसलेलं. झाकणाच्या माथ्यावर पाना लावायला एक षट्कोनी गड्डा होता. तू पाना लावून पाहिलास. हललं नाही. "जोर करानं काम नही हाई," म्हणालास, आणि दुसरं तेल आणि आणखी काही हत्यारं आणायला शहाद्याला निघालास. जाताना दारातून वळून म्हणालास, "हात नको लावजो."

सुपडू, माणूस चूक करतो तेव्हा ती आपणच निस्तरावी असं त्याला वाटतं. मी पाना घेतला. फिरेना. मी हातोडा घेतला आणि पान्यावर मारला. पाना सटकत होता, मी पुन्हा लावत होतो. अर्ध्या तासात षट्कोनाचे सहाही कोपरे गेले आणि गड्डा सुपारीसारखा गोल झाला. मग छिन्नी घेतली. तू परत आलास तेव्हा मी घामाघूम होऊन उभा होतो आणि झाकणाला चार ओरखडे होते.

तू आधी झाकणाकडे पाहिलंस, मग छिन्नीकडे, मग माझ्याकडे. "कोन्हा बाजूले ठोकत व्हता?"

मी हाताने दाखवलं.

"ती घट्ट करानी बाजू शे, पाव्हना."

तू रागावायला हवं होतंस. मी वाट बघत होतो. तू छपरीच्या खांबाला टेकून बसलास आणि म्हणालास, "ही मोटर गयी तं मी परत रुईमा." एवढंच. सोमवारला दीड दिवस उरला होता.

घासलेट लावलं. ते चिकावरून ओघळून गेलं, आत शिरेना. तेव्हा तुला जिनचा पट्टा आठवला. यंत्रांचे चामडी पट्टे मऊ राहावेत म्हणून तुम्ही त्यांना एरंडेल चोळता. ते वाळून चिकट झालं की घासलेटने निघत नाही, स्पिरिटने निघतं, हे तू शिकला होतास. पण स्पिरिट नंदुरबारच्या औषधवाल्याकडेही नव्हतं, लढाईवर गेलेलं. तू विचार केलास आणि म्हणालास, "मोहनी. पहिली धारनी."

मोहाची दारू, पहिल्या धारेची. ती मिळणार पहाडाच्या पायथ्याच्या पाड्यावर, आणि तुला इंजिनापासून हलता येत नव्हतं. म्हणजे मी. तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी दारूबंदीच्या फेरीत झेंडा घेऊन त्याच पाड्यावर मी सर्वांत पुढे होतो. मडकी फोडा म्हणून भाषण केलं होतं. भाषण मराठीत केलं होतं, म्हणून तिथल्या कुणाला कळलं नसेल अशी मला आशा होती.

रविवारी पहाटेच घोडीवर निघालो. पाड्यावर दारू गाळणारा खेमाबाबा भेटला. त्याला आमची बोली येत होती, मला त्याची एक ओळ येत नव्हती. त्याने मला बघताच ओळखलं. "झेंडावाला," म्हणाला. मी हो म्हणालो. काय पाहिजे विचारल्यावर मी सांगितलं. कुणासाठी? मोटरीसाठी. तो इतका हसला की त्याची म्हातारी बाहेर आली, आणि त्याने तिला त्यांच्या बोलीत सांगितल्यावर तीही हसली. पण देईना. मी सरकारी माणसांना घेऊन येईन अशी त्याला भीती होती, आणि माझा पूर्वेतिहास पाहता ती बरोबरच होती. शेवटी त्याने पळसाच्या पानाचा द्रोण माझ्यापुढे धरला. जो इथे बसून प्याला तो सांगायला जाणार नाही, असा त्याचा हिशेब. मी प्यालो. सुपडू, घशातून निखारा उतरला. मग त्याने दोन बाटल्या भरून दिल्या. बदल्यात काहीच मागितलं नाही, एवढंच म्हणाला की परत झेंडा घेऊन येऊ नको. तो शब्द मी पाळला. त्या आठवड्यात मी पाळलेला तेवढाच.

घरी आलो तर दारात तुझी बहीण. मांडवाची पानं अजून उतरवायची होती. तिने वास घेतला, माझ्या बगलेतल्या बाटल्या बघितल्या आणि आत निघून गेली. तिला वाटलं, पोरीला पाठवून दुःखाने प्यायला बसला. मी तिला खरं सांगितलं नाही, कारण दारू कशासाठी हे सांगायचं म्हणजे वंगण सांगावं लागलं असतं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तू मात्र बाटलीचं बूच काढून हुंगलंस आणि म्हणालास, "वा! इंजिनना नशीब."

मग तू काय केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. बाभळीच्या काट्याने झाकणाच्या कडेचा चीक सुटा केलास, एकेक रेघ. कापसाची वात दारूत भिजवून त्या फटीत बसवलीस, वर ओल्या फडक्याचे वेढे. वाळलं की पुन्हा भिजव. छपरीत कुणाला विडी ओढू दिली नाहीस. मी मधूनमधून "आता बघायचं का?" विचारत होतो, आणि तू दर वेळी म्हणत होतास, "बठ." रात्री तू तिथेच निजलास.

सोमवारी सकाळी तू आमच्या चुलीवरचं आधण मागितलंस. गरम पाण्यात बुडवलेलं गोणपाट झाकणावर घातलंस. मग जिनच्या पट्ट्याचा हातभर तुकडा, खरखरीत बाजू आत करून, झाकणाभोवती गुंडाळलास. दोन्ही टोकं हातोड्याच्या दांड्यात धरून पिळलीस, आपण कापसाची गाडी भरल्यावर दोर पिळतो तशी. पट्टा झाकणाला चावून बसला. मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, "कोन्हा बाजूले, पाव्हना?"

मी दाखवलं. या वेळी बरोबर दाखवलं.

तू दांडा ओढलास. काही झालं नाही. पट्टा सोडून पुन्हा बांधलास, पुन्हा ओढलास. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं तुटलं. तू डोळे मिटून उभा राहिलास, मग बोटांनी झाकण फिरवून पाहिलंस, आणि ते फिरलं.

आतून काय निघालं ते आठवतं? गुळाच्या कढईच्या तळाला खरवड राहते तसं काळं, तार धरणारं. तू गाळणी दारूतच खळबळून धुतलीस, इंजिनाच्या पोटातलं सगळं सांडून दिलंस, उरलेल्या दारूने डबा विसळलास, जिनच्या इंजिनाचं तेल भरलंस आणि हँडल मारलंस. इंजिन चालू झालं. काटा वर आला. तू बोनेटला हात लावून उभा होतास, आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारली. आपलं पुढचं पाच वर्षांचं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणालो, पट्ट्याने काढलं. तू म्हणालास, दारूने काढलं, आणि झेंडेवाल्याला ते कबूल करायचं नाही. आजही माझं मत पट्टाच. आता तुझी बाजू मांडायला कुणी नाही म्हणून सांगतो, निम्मं निम्मं समज.

साडेतीनला आपण प्रकाशाला होतो. शेठचे आभार मानायला मी बुंदीचा डबा घेऊन तुझ्याबरोबर आलो होतो. नाव लागली, शेठ उतरले, बुंदी घेतली, मुलगी नांदायला नीट गेली का विचारलं. मग मोटरीत बसले आणि लगेच उतरले. इंजिन तापलेलं होतं, आणि तापलेल्या इंजिनातून मोहाचा वास असा सुटला होता की काठावरचे नावाडीसुद्धा वळून बघत होते.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "कोन पेयेल शे?"

"कोन्हीच नही शेठ. दारूवरी इंजिन धोयं."

"कसाले?"

"वंगण पडी गयथं त्यामा. गाडीनं."

शेठनी तुझ्याकडे पाहिलं, मग उगाच माझ्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. "कोन्ही टाकं?"

सुपडू, त्या वेळी जो काळ गेला तो तू मला दिला होतास. आता कळतं.  तू बोनेटची कडी लावलीस, सावकाश लावलीस. मी नावेकडे बघत होतो. नावेत एक म्हैस चढवत होते आणि ती चढत नव्हती, हे मला अजून स्वच्छ दिसतं.

"मी," तू म्हणालास.

शेठ म्हणाले, "पेयेल ऱ्हाता तं आज घर धाडतू. मूर्खपना करा म्हनीसन फक्त मोटरवरथीन काढस." ते वाईट बोलले नाहीत. त्या दिवशी मोटर तूच शहाद्याला नेलीस. जिनच्या फाटकात चावी मुनीमच्या हातात दिलीस, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आत, रुईत. चार दिवसांत जिनमधल्या लोकांनी तुझं नाव एरंड्या मिस्त्री पाडलं.

फाटकाबाहेर मी तुला विचारलं होतं, असं का केलंस. तू म्हणालास, "बहीणना दाल्लाले चारचौघास्मा काय बोलं खावाडू?" बहिणीच्या नवऱ्याला बोलणी खायला लागू नयेत, एवढंच तुझं कारण. मी म्हणालो, उद्या जाऊन शेठना सांगतो. तू म्हणालास, "सांगजो." ज्या आवाजात तू मला "बठ" म्हणाला होतास त्याच आवाजात.

तो उद्या आला नाही. आधी पेरण्या होत्या. मग कापूस आला, आणि कापूस शेठच्याच जिनवर घालायचा होता, म्हणून तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं. मग इतके दिवस झाले की आता काय सांगायचं. अशी कारणं मला कधी कमी पडली नाहीत. तुझी बहीणसुद्धा दर भाऊबीजेला ओवाळताना तुला चिडवायची, "भाऊ, इतला हुशार तू, आनी वंगण कसं काय वतं रे?" तू ताटात ओवाळणी टाकत म्हणायचास, "व्हई जास ताई." मी शेजारीच पाटावर बसलेलो. फराळाचं ताट माझ्यापुढे असायचं आणि मी खात असायचो.

एकदाच तू त्याबद्दल बोललास. मागच्या हिवाळ्यात, तुझा खोकला वाढला होता तेव्हा. आपण जिनच्या भिंतीशी उन्हात बसलो होतो. मोटर फाटकातून बाहेर गेली, नवा ड्रायव्हर ती गरम न करताच पळवत होता. तू तिच्याकडे बघत म्हणालास, "त्या दिन तू बोलता ना पाव्हना, तं शेठ हसता. तू कापूसवाला. हसता आनी बुंदी खाता." मग खोकलास आणि म्हणालास, "चाल, च्या पिऊ."

रागावून म्हणाला असतास तर मला भांडता आलं असतं. तू ते काटा बघून तेल सांगावं तसं सांगितलंस. मला एक वाक्य महाग पडलं नसतं आणि तुझी मोटर राहिली असती, हा त्याचा अर्थ, आणि तो तुला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तुझा खोकला कशाचा, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं म्हणून.

तर सुपडू, वंगण मी ओतलं होतं. झाकण मी उलटं ठोकलं होतं. दारू मी आणली होती, आणि एक द्रोण मी प्यालो होतो. निस्तरलंस तू. तुझे आभार मानायचे राहिले. माफी मागायचीही राहिली. तू असतास तर दोन्ही मी अजून सहा महिने पुढे ढकललं असतं, हेही लिहून ठेवतो.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी ते तुझ्या बहिणीला वाचून दाखवलं. ती अंगणात डाळ निवडत होती. वंगणापाशी तिचा हात थांबला. मी पुढे वाचत गेलो, डोळे वर न करता, शेवटपर्यंत.  मला वाटलं रडेल, किंवा मला बोलेल, दोन्हीची माझी तयारी होती. तिने पदराने तोंड पुसलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली,

"भाऊले काय सांगी ऱ्हायनात? तो तठेच व्हता, त्याले समदं माहीत शे. ज्याले माहीत नही त्याले जाईसन सांगा. शेठ आज जिनवरच शेत."